दुबार पेरणीचे बियाणे



मृगाचा पाऊस पडला, चाड्यावर मूठ धरली, पेरणी उरकली आणि पुढे पावसाने पाठ फिरवली, की काय होते हे तुम्हाला सांगायला नको. उगवलेले कोंब माना टाकतात. मग उशिरा पुन्हा सरी येतात. त्या वेळी गावात दोन प्रकारची घरे दिसतात. एका घराने कणगीत थोडे बी राखलेले असते. ते घर दुसऱ्याच दिवशी तिफण जुंपते. दुसऱ्या घराने सारे बी पहिल्याच ओलीवर जमिनीत घातलेले असते; त्याला उधारीसाठी दुकानदाराची पायरी चढावी लागते. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडलेला असतो. फरक असतो तो कणगीतल्या पायली-दोन पायली बियाण्याचा.

आज ज्यांची हकिकत सांगायची आहे ते गृहस्थ शेतकरी नाहीत, पण त्यांची हकिकत वाचताना ही दुबार पेरणी ध्यानात ठेवा. त्यांचे नाव मासायोशी सोन. जपानच्या सॉफ्टबँक या कंपनीचे ते संस्थापक. नावात बँक असली तरी ही आपण ठेवी ठेवतो तशी बँक नव्हे. संगणकाचे प्रोग्राम विकणारी पेढी म्हणून ती सुरू झाली आणि पुढे दुसऱ्यांच्या नव्या धंद्यांत पैसा घालणारी जगातली एक मोठी संस्था झाली.

आता तुम्ही म्हणाल, जपानच्या धनवंताशी आपला काय संबंध? संबंध असा, की अलीकडे हा विषय आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे. मुलगा पदविका घेऊन येतो, मुलगी अभियांत्रिकी शिकून येते, आणि एक दिवस जेवताना विषय काढतात, "आबा, नोकरी नको. स्वतःचा धंदा काढायचा आहे. भांडवल द्या." मोबाइलवर त्यांनी सोन यांच्यासारख्यांच्या गोष्टी पाहिलेल्या असतात. पाच-सहा मिनिटांच्या बोलण्यात कोट्यवधींचा निर्णय, मग छप्पर फाडून आलेले यश! आबांच्या हाती मात्र असतो एक सातबारा. अशा घरात धाडसाची अर्धीच गोष्ट ऐकली तर ती फार महाग पडते. म्हणून राहिलेली अर्धीसुद्धा सांगतो.

घराला क्रमांक नव्हता

सोन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९५७ रोजी जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतातल्या तोसू या गावी झाला. घराणे मूळचे कोरियाचे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. तेव्हा पोटासाठी लाखो कोरियन माणसे जपानात आली, त्यांत यांचे आजोबाही होते. रेल्वेच्या कडेला या लोकांची वस्ती होती. सरकारी दप्तरात त्या जागेला धड क्रमांकही नव्हता.

घरी डुकरे पाळलेली होती. आजी हातगाडीवर पिंपे ठेवून वस्तीत फिरे आणि डुकरांसाठी लोकांकडचे उष्टे-खरकटे गोळा करी. तीन-चार वर्षांचा नातू त्या गाडीत बसलेला असे. गाडी बुळबुळीत, वास नकोसा, आणि आजी म्हणायची, घट्ट धरून बस. ही आठवण सोन यांनी मोठेपणी, २०१० साली, कंपनीच्या हजारो लोकांपुढे स्वतः सांगितली. पोरवयात शाळेतली मुले कोरियन म्हणून चिडवीत. घराने यासुमोतो हे जपानी आडनाव घेतले होते. मुलाला आपल्या मूळचीच लाज वाटू लागली आणि तो आजीपासून दूर राहू लागला. पुढे अमेरिकेला निघण्यापूर्वी मात्र तो आजीला म्हणाला, मला कोरिया दाखव. दोघे जाऊन आले. आजीचे एकच सांगणे असे : आपण जगलो ते चार माणसांच्या उपकारावर, ते विसरू नकोस.

वडील मोठे खटपटी. डुकरे पाळण्यापासून सुरुवात करून त्यांनी पुढे पाचिंको नावाच्या जपानी खेळाची दुकाने काढली आणि घरात चार पैसे आले. पण मुलगा शाळेत असताना वडिलांनी अंथरूण धरले. थोरल्या भावाला शिक्षण सोडून कमाईला लागावे लागले. अशा वेळी हा म्हणू लागला, मी अमेरिकेला शिकायला जातो. नातेवाइकांनी नावे ठेवली. तरी तो गेला.

जाण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली, ती आपल्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. डेन फुजिता म्हणून एक मोठे व्यापारी होते. मॅकडोनाल्ड्सची हॉटेले जपानात त्यांनी आणली. त्यांचे पुस्तक वाचून या सोळा वर्षांच्या पोराने त्यांच्या कचेरीत फोनवर फोन केले. भेट मिळेना, तेव्हा विमानाचे तिकीट काढून थेट टोकियो गाठले. शेवटी पंधरा मिनिटे मिळाली. त्याने पैसे मागितले नाहीत, नोकरी मागितली नाही. विचारले एवढेच, की अमेरिकेत जाऊन काय शिकू? उत्तर मिळाले : संगणक शीक. १९७३-७४ साली संगणक ही सामान्य माणसाने पाहिलेली वस्तू नव्हती. जाणत्या माणसाकडून मिळालेला एक शब्द कधी कधी पोतेभर पैशापेक्षा वजनदार ठरतो.

रोज पाच मिनिटे, वहीत एक कल्पना

कॅलिफोर्नियात शाळेत नाव घातले, पण महिनाभरातच त्याने वरच्या वर्गात घ्या म्हणून हट्ट धरला आणि शालान्त दर्जाच्या परीक्षेला बसला. इंग्रजी कच्चे. मला विषय येतो, भाषा येत नाही, म्हणून शब्दकोश आणि जास्तीचा वेळ द्या, अशी मागणी त्याने केली. ती मान्य झाली आणि तो पास झाला. पुढे ओकलंडच्या होली नेम्स कॉलेजातून तो बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला आणि १९८० मध्ये अर्थशास्त्राचा पदवीधर झाला.

त्या दिवसांत एका मासिकात त्याने मायक्रोप्रोसेसरचे, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपचे, मोठे करून छापलेले छायाचित्र पाहिले. बोटाच्या पेरावर मावणारी ती वस्तू माणसासारखी आकडेमोड करते हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते चित्र त्याने कापून जवळ ठेवले.

पण नुसत्या भारावण्याने पोट भरत नाही. त्याने नियम केला : रोज पाच मिनिटे नवे काही सुचवायचे आणि सुचलेले वहीत लिहायचे. वर्षभरात सुमारे अडीचशे कल्पना जमल्या. त्यांतून त्याने निवडली एकच. बोटाने शब्द टिपला की दुसऱ्या भाषेतला शब्द बोलून दाखवणारे खिशातले यंत्र. ते स्वतःला बनवता येत नव्हते. विद्यापीठात फॉरेस्ट मोझर नावाचे प्राध्यापक आवाजाच्या यंत्रावर काम करीत होते, त्यांना त्याने गाठले. हातात पैसा नव्हता. तेव्हा बोली अशी झाली, की यंत्र विकले गेले तर मोबदला मिळेल. नमुना तयार झाला. तो घेऊन त्याने जपानच्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. शार्प कंपनीचे तादाशी सासाकी यांनी पोराची चमक ओळखली आणि सुमारे १० कोटी येन देऊन तो शोध विकत घेतला.

इथे क्षणभर थांबा. या विद्यार्थ्याने बापाचे घर गहाण टाकले नव्हते. घातली होती ती रोजची पाच मिनिटे, एक वही आणि पायपीट. प्राध्यापकाने घातले ते आपले ज्ञान, वाट्याच्या बोलीवर. यंत्र विकले गेले नसते तर दोघांचा वेळ गेला असता. सातबाऱ्यावर बोजा चढला नसता.

संत्र्याची पेटी आणि टोफूच्या वड्या

जपानात परतल्यावर त्यांनी वर्षभर कोणता धंदा करावा याचाच अभ्यास केला. याच सुमारास त्यांनी यासुमोतो हे आडनाव टाकून घराण्याचे सोन हे नाव उघडपणे लावायचे ठरवले. जपानचे नागरिकत्व घेताना अडचण आली, की असे जपानी आडनावच नाही. तेव्हा त्यांच्या जपानी पत्नीने आधी कोर्टातून आपले आडनाव सोन करून घेतले. मग यांनी दाखवून दिले, की आता हे आडनाव असलेली एक जपानी बाई आहे! १९९० मध्ये त्यांना त्याच नावाने नागरिकत्व मिळाले.

सप्टेंबर १९८१ मध्ये सॉफ्टबँक सुरू झाली. सुरुवातीच्या दिवसांत क्यूशूतल्या एका लहानशा जागेत त्यांच्याजवळ दोन हंगामी नोकर होते. सोन संत्र्याच्या पेटीवर उभे राहिले आणि त्या दोघांपुढे भाषण केले, की एक दिवस आपण धंदा टोफूच्या वड्यांसारखा मोजू. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. जपानीत टोफूची वडी 'चो' या शब्दाने मोजतात आणि एक लाख कोटी या संख्येलाही 'चो'च म्हणतात. एक चो, दोन चो येनांचा धंदा करू, असा त्याचा अर्थ. ते दोघे नोकर थोड्याच दिवसांत काम सोडून गेले. मालकाचे डोके ठिकाणावर नाही असे त्यांना वाटले असावे.

धंदा काय होता? संगणक घरोघर येऊ लागले होते. प्रोग्राम बनवणारे अनेक, विकणारी दुकाने अनेक, पण दोघांना जोडणारी घाऊक पेढी नव्हती. आपल्याकडे मालाला जशी बाजार समितीतली अडत लागते, तशी ही प्रोग्रामची अडत. ती जोरात चालली.

आणि मग पहिला पाऊस उघडला. १९८३ च्या सुमारास त्यांना काविळीच्या जातीचा, यकृत पोखरणारा आजार निघाला. वय पंचविशीचे, घरी तान्ही मुलगी, धंदा दीड-दोन वर्षांचा. फार तर पाच वर्षे, असे डॉक्टर म्हणाले. तीन वर्षे दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. कंपनी चालवायला दुसरा माणूस नेमला आणि स्वतः खाटेवर पुस्तके वाचीत राहिले. एका डॉक्टरांच्या नव्या उपचाराला गुण आला आणि १९८६ मध्ये ते कामावर परतले. ज्यांनी पडत्या काळात हात दिला, त्या सासाकींसारख्या माणसांची जाण म्हणून सॉफ्टबँकेत उपकारकर्त्यांच्या नावाने सुटीचा दिवस पाळला जातो. आजीचे सांगणे वाया गेले नाही.

कर्ज आणि वाटा

पुढची गोष्ट कळण्यासाठी एक शब्द समजून घेऊ : साहस भांडवल. शब्द नवा असला तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. समजा तुम्ही बी-खतासाठी कर्ज काढले. पीक बुडाले तरी मुद्दल आणि व्याज चुकत नाही. पण जमीन अर्धेलीने केली, तर पीक आले की दोघांचे, बुडाले की दोघांचे. साहस भांडवल म्हणजे धंद्यातली अर्धेली. पैसा देणारा व्याज मागत नाही, धंद्यात वाटा मागतो. धंदा बुडाला तर त्याचा पैसा गेला. धंदा फळला तर वाट्याची किंमत शंभरपट, हजारपटही होते. असा माणूस एकाच वाफ्यात सारी रोपे लावीत नाही. दहा ठिकाणी थोडे थोडे घालतो. सात जळतात, दोन जेमतेम तगतात, एखादे झाड होते. त्या झाडाने बाकीच्यांचे भरून निघते.

१९९४ मध्ये सॉफ्टबँकेचे शेअर बाजारात आले आणि हाती मोठा पैसा आला. १९९५ मध्ये सोन यांनी अमेरिकेतल्या याहू या बारक्या कंपनीत प्रथम २० लाख डॉलर घातले. कंपनीत तेव्हा मोजकी पोरे काम करीत होती. ती काय करतात ते पाहिले आणि मगच, १९९६ मध्ये, सुमारे १० कोटी डॉलर घातले. म्हणजे आधी एक गुंठा, मग एकर. आमच्या खात्यात याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतात.

इंटरनेटची लाट आली आणि शेअरचे भाव आभाळाला टेकले. २००० सालच्या सुरुवातीला आपण तीन दिवस जगातले सर्वांत श्रीमंत होतो, असे सोन सांगतात. मग बाजार कोसळला. सॉफ्टबँकेच्या शेअरची किंमत शंभरातली नव्व्याण्णव गेली. सोन यांच्या संपत्तीतले सुमारे ७,००० कोटी डॉलर वितळले. एका माणसाने एवढे घालवल्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते, असे म्हणतात.

मग ते संपले का नाहीत? कारण बुडाले ते बहुतेक वाट्याचे पैसे होते. त्यांवर व्याज चढत नव्हते. आणि कणगीत बी शिल्लक होते. याहूचे शेअर थोडे थोडे विकून त्यांनी २००१ मध्ये जपानात स्वस्त आणि वेगवान इंटरनेटची सेवा काढली. रस्त्यावर मंडप घालून लोकांना यंत्रे फुकट वाटली. जुनी टेलिफोन कंपनी तारा जोडू देईना, तेव्हा सरकारी खात्यात जाऊन, न्याय मिळाला नाही तर इथेच पेटवून घेईन, असा त्रागाही केला. कंपनीला चार वर्षे ओळीने तोटा झाला, पण सेवा रुजली.

दुसरे बी त्याहून लहान होते. २००० च्या सुरुवातीला त्यांनी चीनमधल्या अलिबाबा या नव्या कंपनीत २ कोटी डॉलर घातले होते. तिचे मालक जॅक मा हे मूळचे इंग्रजीचे मास्तर. पाच-सहा मिनिटांतच पैसे द्यायचे ठरले, ही गोष्ट सगळे सांगतात. पण दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सोन आणखी जास्त द्यायला तयार होते आणि जॅक मा यांनीच कमी घेतले. एवढ्या पैशाची आत्ता गरज नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रोपाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की मुळे कुजतात, हे त्या मास्तरांना ठाऊक होते. सोन यांनी मधल्या काळात तिथे थोडीफार भर घातली आणि चौदा वर्षे वाट पाहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये अलिबाबाचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले, तेव्हा सॉफ्टबँकेच्या वाट्याची किंमत सुमारे ७,००० कोटी डॉलर झाली.

त्यांनी कर्ज कधी काढले नाही असे मात्र समजू नका. २००६ मध्ये व्होडाफोनचा जपानमधला मोबाइलचा धंदा सुमारे १ लाख ७५ हजार कोटी येनांना विकत घेतला, तो बहुतांशी कर्जावर. पण तो चालता धंदा होता. लाखो ग्राहकांची बिले दरमहा येत होती आणि हप्ते त्यांतूनच फिटणार होते. २००८ मध्ये आयफोन जपानात प्रथम त्यांनीच आणला आणि धंदा आणखी वाढला. दुभत्या म्हशीवर कर्ज काढणे वेगळे, आणि कालवड पुढे किती दूध देईल या अंदाजावर काढणे वेगळे.

बुडत्याचा पाय खोलात

आता कडू भाग. अलिबाबाच्या यशाने सोन यांच्या शब्दाला सोन्याची किंमत आली. २०१७ मध्ये त्यांनी व्हिजन फंड नावाचा प्रचंड निधी उभारला. मे महिन्यातच ९,३०० कोटी डॉलर जमल्याचे जाहीर झाले. मोठा पैसा सौदी अरेबिया आणि अबू धाबीच्या सरकारी निधींचा होता. पण बारकावा पाहा : बाहेरच्यांच्या या पैशातला बराच मोठा भाग दरसाल ७ टक्के परतावा देण्याच्या बोलीवर होता. म्हणजे अर्धेलीच्या शेतात सावकारी पैसा आला. बी उगवो न उगवो, सात टक्के मोजायचेच. मग वाट पाहायला उसंत कुठली? रोपे लवकर वाढावीत म्हणून खताचा मारा सुरू झाला.

सर्वांत मोठा फटका वीवर्क या अमेरिकन कंपनीने दिला. ती मोठ्या इमारती लांब मुदतीच्या भाड्याने घेई आणि त्यांतल्या खोल्या, टेबले महिन्या-महिन्याने पोटभाड्याने देई. देणे पंधरा वर्षांचे, येणे महिन्याचे. आपल्या गावातला कोणीही शहाणा म्हणेल, की असा खंड परवडत नाही. तरी सॉफ्टबँक आणि व्हिजन फंडाने मिळून तिच्यात १,००० कोटी डॉलरहून अधिक ओतले. २०१९ च्या सुरुवातीला तिची किंमत ४,७०० कोटी डॉलर मानली जात होती. शेअर विक्रीसाठी तिचे हिशेब लोकांपुढे आले आणि सहा आठवड्यांत फुगा फुटला. तेव्हाही हात आखडण्याऐवजी तिला वाचवायला आणखी पैसा घातला. बुडत्याचा पाय खोलात, दुसरे काय! नोव्हेंबर २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. आपली पारख चुकली, असे सोन यांनी २०१९ मध्येच जाहीर सांगितले होते.

एक उदाहरण तर आपल्याच क्षेत्रातले आहे. अमेरिकेतली प्लेंटी ही कंपनी बंद इमारतीत, विजेच्या दिव्यांखाली, मातीविना पालेभाज्या पिकवी. २०१७ मध्ये व्हिजन फंडाच्या पुढाकाराने तिला २० कोटी डॉलर मिळाले. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या उजेडाचे सूर्य काही बिल लावीत नाही, तो तिला विकत घ्यावा लागत होता. पालेभाजीच्या भावात तो खर्च बसणे सोपे नसते.

उलट प्रकारही झाला. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीतला मोठा वाटा फंडाने २०१९ च्या सुरुवातीला नफा घेऊन विकून टाकला. पुढे ती जगातल्या सर्वांत मोलाच्या कंपन्यांत गेली. आंब्याचे कलम पहिल्या मोहोरालाच विकल्यासारखे झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये सॉफ्टबँकेने एका तिमाहीत ३ लाख १६ हजार कोटी येनांचा तोटा सांगितला. त्या दिवशी सोन यांनी पडद्यावर एक जुने चित्र दाखवले. तोकुगावा इएयासू हा जपानचा मोठा सेनापती १५७३ च्या आरंभी लढाईत सपाटून हरला. ती घाई पुन्हा होऊ नये म्हणून त्याने आपला पडलेला चेहरा चितारून घेतला, अशी आख्यायिका आहे. नफ्याच्या काळात आपण हुरळून गेलो याची लाज वाटते, असे सोन त्या वेळी म्हणाले.

आपल्या देशात, आपल्या पुण्यात

त्यांचा पैसा आपल्याकडेही आला. फ्लिपकार्टमध्ये २०१७ साली घातलेले सुमारे २५० कोटी डॉलर वर्षभरात सुमारे ४०० कोटी होऊन परतले. पेटीएममध्ये मात्र नुकसान सोसून ते बाहेर पडले आणि स्नॅपडीलमध्ये घातलेले बहुतेक बुडाले. पुण्याची फर्स्टक्राय, लहान मुलांच्या वस्तू विकणारी, ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तिच्यातही सॉफ्टबँकेचा वाटा होता. पुण्याचीच इलॅस्टिकरन ही कंपनी खेड्यांतल्या किराणा दुकानांना माल पोहोचवते. २०२२ मध्ये तिलाही सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने भांडवल मिळाले. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ही पेरणी अशी पोहोचली आहे.

शेतीशी त्यांचा आणखी एक धागा आहे. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्यांनी स्वतःचे १,००० कोटी येन मदतीला दिले आणि जपानातल्या पडीक शेतांवर सौर वीज पिकवावी अशी योजना मांडली. पुढे २०१५ मध्ये भारतातही भागीदारांसह सौर प्रकल्प सुरू केले. ते २०२१ मध्ये अदानी समूहाला विकले.

आणि आता? जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ओपनएआय आणि ओरॅकल यांच्याबरोबर अमेरिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०,००० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. पुन्हा मोठी पेरणी, आणि तिच्यासाठी पुन्हा मोठी कर्जे. तिचे पीक यायचे आहे.

मग आबांनी काय करावे?

मुलांना एकदम नाही म्हणू नका. आजीच्या गाडीतल्या पोराला घराने अडवले असते तर ही गोष्ट घडली नसती. पण पुढील चार गोष्टी घरात बसून, आईला आणि सुनेलाही बरोबर घेऊन ठरवा.

पहिली, ज्या जमिनीवर घर जेवते तिच्यावर बोजा चढवू नका. सोन यांचे शंभरात नव्व्याण्णव गेले तरी त्यांना रोजच्या भाताची चिंता नव्हती. आपली गोष्ट वेगळी आहे. सगळे गेले तरी वर्षाची जोंधळ्याची पोती आणि पोरांची फी निघेल, एवढे बाजूला काढा आणि मगच उरलेल्याचा विचार करा.

दुसरी, नव्या, न अजमावलेल्या धंद्याला व्याजाचा पैसा लावू नका. मित्र, भाऊबंद, गावातले चार जण यांना वाट्याने घ्या, आणि वाटा कागदावर लिहा. कर्ज काढायचेच तर धंद्याची महिन्याची आवक दिसू लागल्यावर काढा, आणि हप्ता त्या आवकेत बसवा.

तिसरी, आधी गुंठ्यावर पाहा. मुलाला दहा लाख हवे असतील तर पहिले पन्नास हजार द्या आणि सहा महिन्यांनी हिशेबाची वही मागा. वही नीट असेल आणि गिऱ्हाईक परत येत असेल तर पुढचे द्या. वही नसेल तर देऊ नका, मग पोरगा कितीही गोड बोलो.

चौथी, किती बुडाले की थांबायचे हा आकडा सुरुवातीलाच ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. आतापर्यंत एवढे घातले, आता थोडे आणखी, हा विचार मनात आला की त्या आकड्याकडे पाहा. वीवर्कच्या वेळी असा आकडा ठरलेला असता तर जगातल्या एवढ्या मोठ्या धनिकालाही ती नामुष्की आली नसती.

आणि एक गोष्ट फुकटची आहे. मुलांना आजच एक वही आणून द्या. रोज पाच मिनिटे त्यांनी तीत लिहावे, की आपल्या गावात कशाची अडचण आहे आणि ती कशी सुटेल. अडीचशे कल्पनांतली एखादीच कामाची निघेल. या पेरणीला बी-बियाणे लागत नाही आणि हिच्यावर दुष्काळही पडत नाही.

पाऊस कोणाच्या हाती नाही, बाजारही नाही. कणगीत दुबार पेरणीचे बी राखणे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे राखा, आणि मग पोरांना खुशाल पेरू द्या.